दृष्ट काढणे (सातारा-सांगली परिसर)

लागलेली नजर उतरवण्याचा घरगुती विधी. सातारा-सांगलीकडे बोलण्यात ‘दिष्ट’ म्हणतात. तान्हे मूल, बाळंतीण, नवरानवरी, नुकतीच व्यालेली म्हैस, बेंदराला सजवलेली बैलजोडी यांची दृष्ट हमखास काढतात. भटजी लागत नाही. घरातली वडीलधारी बाई तिन्हीसांजेला काढते. शनिवार आणि अमावास्या त्यासाठी विशेष मानतात.

चिमूटभर मोहरी, पाच-सात खडे मीठ आणि पाच किंवा सात देठासकट सुक्या लाल मिरच्या एवढे साहित्य पुरते. काही घरांत केरसुणीच्या काड्या आणि गळलेले केसही घेतात. मुलाला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवतात. मूठ मिटून डोक्यापासून पायापर्यंत तीन, पाच किंवा सात वेळा उतरवतात. तोंडाने ‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पैपाहुण्याची’ असे पुटपुटणे चालू असते. मग मागे न बघता मूठ विस्तवात रिकामी करतात आणि हातपाय धुतात.

खरी उत्सुकता पुढेच असते. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर ‘लई कडक दिष्ट होती’ असे ठरते. यात चुलीचा वाटा मोठा आहे. भडकलेल्या जाळात मिरची झटकन जळते आणि धूर वर निघून जातो. शेणीच्या मंद निखाऱ्यावर किंवा तव्यावर तीच मिरची धुमसते आणि घरभर खोकला लागतो. मोहरी आणि खडे मीठ तडतडतात ते आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ झाल्याने. पुडीतल्या बारीक मिठाचा तसा आवाज येत नाही. तुरटीने दृष्ट काढली, की तापल्यावर तिच्यातले पाणी उडून ती फुगते, वेडीवाकडी होते. त्या गोळ्यात नजर लावणाराचे तोंड शोधतात, आणि शोधणाऱ्याला ते सापडतेच.

इथूनच ही प्रथा बोचरी होते. संशय बहुधा विधवेवर, मूलबाळ नसलेल्या बाईवर किंवा शेजारच्या जावेवर जाई. बारशाला, डोहाळजेवणाला तिला मागे ठेवत, तिच्यासमोर बाळ पदराखाली झाकत. मिरच्या दोन मिनिटांत जळतात, हा डाग मात्र त्या बाईला आयुष्यभर पुरे.

नवरानवरी दारात आली, की भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून दोन्ही बाजूंना टाकतात. बाळाच्या गालावर तीट लावतात. मुद्दाम खोट ठेवली, की नजर तिथेच अडते ही समजूत. काजळ डोळ्यांत मात्र घालू नये. विकतच्या काजळात शिसे असू शकते. दारात, गाडीला लिंबू-मिरचीसोबत बिब्बा बांधतात. त्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने घरातली दृष्ट काढणे गुन्हा ठरत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे ठरते.

‘दृष्ट लागली’ म्हणतात तेव्हा मूल बहुधा किरकिर करते, दूध ओढत नाही किंवा त्याला जुलाब होतात. किरकिर पोटात वारा धरल्यानेही असते आणि आपोआप थांबते. जुलाबात टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, तर अंगावरचे दूध चालू ठेवून लगेच दवाखाना गाठावा. दम्याच्या मुलाजवळ मिरचीचा धूर करूच नये.