पोस्टरचं मॅटर देण्याआधी एवढं वाचा

माहितीचं पोस्टर करायला येणारे दवाखाने असोत, शाळा असोत की ग्रामपंचायती, मॅटर भरपूर आणतात. चार पानं टाइप केलेली आणि वर ठरलेलं वाक्य: “सगळंच महत्त्वाचं आहे, काही सुटायला नको.” पोस्टर लांबतं ते इथेच. छपाईला वेळ लागत नाही. मॅटर कोंबण्यात आणि मग करेक्शनमागून करेक्शन करण्यात आठवडा जातो.

म्हणून आम्ही आधी विचारतो: हे वाचून माणसाने काय करायचं? “तुम्ही फक्त सेटिंग करा,” असं काही जण म्हणतात. पण उत्तर मिळेपर्यंत आम्ही कॉम्प्युटरला हात लावत नाही, आणि त्यात तुमचाच वेळ वाचतो.

डेंग्यूचं पोस्टर घ्या. मॅटरमध्ये लक्षणं, तपासण्या, प्लेटलेट, उपचार सगळं असतं. घरच्यांनी करायचं मात्र एकच: आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालते आणि अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. दर आठवड्याला भांडं कोरडं झालं की डास तयारच होत नाही. घासायचं अशासाठी की अंडी कडेला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

एवढं ठरलं की मांडणी सुचते. मधोमध मोठा गोल: अंडी, अळी, कोष, डास. अळीपाशी गोल तुटलेला आणि तिथे उपडं केलेलं पिंप. खाली कूलर, टायर, कुंडीखालची ताटली. लक्षणं कडेच्या एका पट्टीत. उरलेल्या मजकुराचं वेगळं हँडबिल करा, तेही आम्ही करून देतो.

रंग वाढवून मागू नका. ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची आकृती १८५८ मध्ये छापली, ती तीन रंगांत: निळा टाळता येण्याजोग्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळा किती पसरलाय ते पाहताक्षणी कळतं. प्रत्येक रंगाला असं काम हवं.

अक्षरांचं म्हणाल तर दहा फुटांवरून आरामात वाचायला ती इंचभर उंच लागतात. शिवाय मराठीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींत जागा सोडावीच लागते. १८ × २४ इंचांत चार पानं का मावत नाहीत, ते यावरून लक्षात येईल.

पेन्सिलची कच्ची आखणी आम्ही समोर बसून करून देतो, तिचे पैसे घेत नाही. ती पक्की झाली की दोन करेक्शन दरातच धरलेली आहेत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे पडतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच उघडणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. साधे पाठवले की दबतात आणि मोठ्या छपाईत फुटतात.