चेतनगुणोक्ती: अलंकाराच्या मुळाशी असलेली नजर

निर्जीव वस्तू किंवा निसर्गातील घटक माणसासारखे वागतात असे वर्णन आले, की तेथे चेतनगुणोक्ती अलंकार होतो, असे आपण शाळेत शिकतो. अलंकार म्हणजे भाषेवर चढवलेला साज, अशी समजूत त्यातून सहज होते. मात्र या अलंकाराचे मूळ काव्यशास्त्राच्याही आधीचे, आपल्या पाहण्याच्या सवयीत आहे, असे मानसशास्त्रातील एका जुन्या प्रयोगावरून दिसते.

अमेरिकेतील फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या छोट्याशा मूकपटात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप होणारी बाजू असलेला एक आयत, एवढेच होते. ‘काय घडले ते लिहा’ असे ३४ जणांना सांगितले, तेव्हा जवळजवळ निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिणारी व्यक्ती एकच निघाली. इतरांना ती सजीवांची, बहुतेकांना तर माणसांचीच गोष्ट वाटली. आकृत्यांना ना डोळे होते, ना चेहरे. पाठलाग, भांडण, सुटका हे सारे प्रेक्षकांनी केवळ हालचालीतून वाचले.

म्हणूनच चेतनगुणोक्तीचा खरा भार क्रियापदावर असतो, असे मला वाटते. ‘वाऱ्याने दार हलले’ या वाक्यात फक्त घटना आहे. ‘वाऱ्याने दार ठोठावले’ म्हणताच वाऱ्याला आत यायचे आहे आणि तो उत्तराची वाट पाहतो आहे, हे न सांगता कळते. वाऱ्याला हातपाय किंवा चेहरा द्यावा लागत नाही, हेतू पुरतो. ‘पावसाने दडी मारली’ असे आपण रोज म्हणतो, तिथे तर जो आलेलाच नाही त्याच्याही मनात आपण हेतू घालतो.

ही नजर मेंदूच्या कार्याशीही जोडलेली आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भावनांशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका स्त्रीला हाच मूकपट दाखवण्यात आला. तिची दृष्टी आणि सामाजिक व्यवहारांची जाण शाबूत होती. तरीही आपणहून वर्णन करताना ती त्रिकोण, वर्तुळ आणि त्यांच्या हालचाली यांविषयीच बोलत राहिली.