फॉर लूपमध्ये चालणारा क्लास : पार्श्वभूमी

स्वतः लिहिलेल्या कलेक्शनवर लूप फिरवण्याची सोय १९७०च्या दशकातल्या क्लू या प्रोग्रॅमिंग भाषेत होती; एकेक नोंद देऊन तिथेच थांबणारा यील्ड हा शब्दही तिथलाच. जावात १९९६ला नोंदी एकेक करून देणारे एन्युमरेशन होते, १९९८ला तेच काम करणारा, मेथडांची नावे आखूड असलेला इटरेटर आला. आपला क्लास थेट फॉरमध्ये घालता येऊ लागला तो मात्र २००४च्या जावा ५पासून, इटरेबलमुळे, म्हणजे मागितल्यावर इटरेटर देणाऱ्या इंटरफेसमुळे.

वाद आहे तो इथेच. जावाचा फॉर फक्त अ‍ॅरे आणि इटरेबल घेतो. नुसता इटरेटर दिला की कंपायलर अडवतो, आणि त्यावर बरीच कुरकुर झाली. पायथन २.२ने (२००१) उलटे ठरवले होते: इटरेटरची इटर मेथड (फॉर जिच्याकडे इटरेटर मागतो ती) त्या इटरेटरलाच परत देते, म्हणून तोही फॉरमध्ये चालतो. सोय खरी, पण तिनेच एक वाईट सवय लावली. शिकाऊ मंडळी इटर आणि नेक्स्ट (पुढची नोंद देणारी मेथड) दोन्ही कलेक्शनच्याच क्लासात लिहितात आणि सेल्फ, म्हणजे तोच ऑब्जेक्ट, परत देऊन मोकळी होतात.

लातूरच्या आडत दुकानाचा हिशेब घ्या. 'पट्ट्या' या क्लासात १०१, १०२, १०३ अशा तीन पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आहेत. एकच पट्टी दोनदा चढली का, हे पाहायला लूपात लूप लावला, तर नऊ जोड्या तपासल्या जायला हव्यात. इटरमध्ये फेरी कुठवर आली ती जागा शून्यावर आणून सेल्फ दिला असेल, तर आतला लूप तिन्ही पट्ट्या संपवतो, बाहेरच्याला पुढे काहीच उरत नाही. तपासल्या जातात तीनच जोड्या. शून्यावर आणायचेही राहिले, तर दोनच. एरर नाही, वॉर्निंग नाही; सोयाबीनची पट्टी दोनदा चढलेली तशीच राहते. जावाचा हट्ट त्यामानाने परवडला, कारण फेरी कुठवर आली हे कलेक्शनबाहेर ठेवायची आठवण तो करून देतो. (तिथेही धिस, म्हणजे जावातला सेल्फ, परत देणारे भेटतातच.)

उपाय साधा. जावात इटरेटर मेथडने दर वेळी न्यू करून नवा ऑब्जेक्ट द्यावा. पायथनमध्ये इटरच्या आतच यील्ड लिहावे, नेक्स्ट लिहूच नये. दर हाकेला वेगळा जनरेटर, म्हणजे यील्डने बनलेला इटरेटर, मिळतो. सी शार्पमध्ये यील्ड २००५ला, पीएचपीत २०१३ला आले.

लूप चालू असताना काढून टाकण्याचा घोळ अजून आहे. जावाच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये फॉर चालू असताना थेट लिस्टवरून रिमूव्ह केले की बहुधा कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येते. पण शेवटून दुसरी नोंद काढली, तर पुढे नोंद आहे का हे पाहणाऱ्या हॅजनेक्स्टला साइज आणि कर्सर (पुढच्या नोंदीची जागा) सारखे दिसतात, लूप गुपचूप थांबतो आणि शेवटची नोंद पाहायचीच राहते. काढायचे तर इटरेटरच्याच रिमूव्हने, किंवा जावा ८च्या (२०१४) रिमूव्हइफने.