बाळाच्या नावात वेगळा शब्द हवाय? जन्म नोंदणीत तो कुठे लिहायचा, कागदपत्रं कोणती लागतात

मुलीचं नाव शर्वरी, आणि त्याला जोडून गावाजवळच्या नदीचं नाव 'दुधना', असं हल्ली परभणी-जालन्याकडची तरुण मंडळी हौसेनं ठरवतात. कुणाला 'मृग' हवं असतं, कुणाला 'ओवी', कुणाला 'आभाळ'. आत्याबाई नाक मुरडतात, पण कायद्याची काही आडकाठी नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात मंजूर-नामंजूर नावांची यादी नाही. अडचण येते ती रकान्यात.

आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, हे शाळेच्या बाईंपासून बँकेच्या क्लार्कपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य शासनानं क्रमच ठरवून दिला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आता समजा आई सुनीता, वडील बालाजी आणि आडनाव शिंदे. पूर्ण नाव झालं 'शर्वरी दुधना सुनीता बालाजी शिंदे'. हे वाचणारा पहिल्या फटक्यात 'दुधना' हेच आईचं नाव समजणार, आणि उद्या शाळेच्या ऑनलाइन नोंदीत आईच्या रकान्यात नदी जाऊन बसणार.

म्हणून वेगळा शब्द हवाच असेल तर तो बाळाच्या स्वतःच्या नावाच्या रकान्यात, मूळ नावाला लागून लिहा. 'मधलं नाव' असा रकाना दिसला की तिथं तो टाकायचा मोह आवरा. माझं मत विचाराल तर दोन शब्दांपेक्षा एकच वेगळा शब्द नाव म्हणून ठेवणं केव्हाही सोपं. नुसतं 'दुधना सुनीता बालाजी शिंदे' कुठंही अडकत नाही. मांजरा नदीकाठच्या लोकांनी मात्र शाळेतली पोरं काय चिडवतील याचा विचार आधी करावा.

आता प्रक्रिया. बाळ जिथं जन्मलं तिथंच नोंद होते, तुम्ही राहता तिथं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे सासर अंबाजोगाईचं आणि दाखला परभणीचा, हे नेहमीचंच. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या जोडप्याचं बाळ कारखान्याच्या भागात जन्मलं तर नोंद तिकडचीच, आणि गावाकडे परतण्याआधी ती झाली का हे बघून घेतलेलं बरं. गावात घरी जन्म झाला तर ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात नगरपालिका-महापालिकेकडे जायचं. दवाखान्यात झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, पण नोंद कोणत्या कार्यालयात जाणार हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा.

नोंद 21 दिवसांच्या आत करायची. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, 30 दिवस उलटले की वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तिथवर जाऊच नका.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दवाखान्यात फॉर्म भरताना "नाव काय लिहू?" असं विचारलं की बारसं व्हायच्या आधीच घाईत काहीतरी सांगितलं जातं. राशीचं अक्षर निघालेलं नसतं, आत्याचा हट्ट बाकी असतो आणि लिहिलं जातं भलतंच. नाव ठरलं नसेल तर तो रकाना कोरा ठेवता येतो. बिननावाची नोंद पूर्णपणे कायदेशीर आहे. कलम 14 प्रमाणे नाव नंतर कळवता येतं: नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. वेगळं नाव ठेवणाऱ्यांनी ही सवलत जरूर वापरावी. दोन-तीन महिने घरात त्या नावानं हाक मारून बघा, मग लिहा.

नाव भरण्यासाठी अर्ज आई, वडील किंवा पालकांनी करायचा. सोबत बिननावाचा जन्म दाखला किंवा नोंदणी क्रमांक, आई-वडिलांचं आधार आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड ठेवा. आईचं नाव आधारवर माहेरचं आणि दवाखान्यात सासरचं लागलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही न्या, नाहीतर परत यावं लागतं. अर्जावर नाव मराठीत आणि इंग्रजीत स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहा. 'ज्ञेया' हे नाव कुणी डी-एनने सुरू करतं, कुणी जी-वायने. समोरच्यावर सोडलंत तर तो त्याला सुचेल ते टाइप करणार. नावात टिंब, आडवी रेघ किंवा नुसती आद्याक्षरं नकोत. दाखला छापण्याआधी स्क्रीनवरची नोंद वाचायला मागा. लाजू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

एकदा नाव भरलं की ते आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही. कलम 15 खाली चूक दुरुस्त होते, तीही मूळ नोंद तशीच ठेवून समासात नोंद करून. 'दुधना'चं 'दूधाना' झालं असेल तर ती चूक. आजोबांना नाव रुचलं नाही, ही चूक नव्हे. मग राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो आणि त्यानंतर एकेक कागद बदलत बसावं लागतं.

देगलूर-उदगीरकडची बरीच मंडळी बाळंतपणासाठी बिदर, निजामाबाद किंवा हैदराबाद गाठतात. तिथला दाखला त्या राज्याचा, त्यामुळे आपल्याकडचा आईच्या नावाचा क्रम तिथं धरला जाईलच असं नाही. फॉर्म भरताना पूर्ण नाव कसं हवं ते एका कागदावर लिहूनच द्या.

1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदार यादी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. दाखला हाती आला की बाळाचं आधार त्यावरूनच, अगदी स्पेलिंगसकट काढा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी बाळ रांगायच्या आत खर्ची घालू नका.