टॉपर घ्यायच्या आधी भांग बघा

बऱ्याच ताई फोनवरच विचारतात, केस खूप गळतायत, टॉपर केवढ्याला पडेल? टॉपर म्हणजे डोक्याच्या वरच्या विरळ भागावर क्लिपांनी बसवायचा केसांचा तुकडा. किंमत सांगूच, पण आधी गळतीची स्टेज बघावी लागते, कारण बेस (टॉपरचे केस ज्यावर बसवलेले असतात तो खालचा भाग) केवढा लागेल, क्लिपा धरतील एवढे केस खाली आहेत का, आणि मुळात टॉपरची गरज आहे का, हे सगळं त्यावरच ठरतं.

बायकांचे केस पुरुषांसारखे कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे जात नाहीत, पुढची लाइन बहुतेक वेळा तशीच राहते आणि तिच्या मागचा, टाळूवरचा भाग विरळ होत जातो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या लावल्या, डॉक्टर अजून त्याच वापरतात. पहिलीत भांग जरा रुंद दिसतो, पोनी बारीक झाल्यासारखी वाटते, पण केस वळवून घेतले की लोकांच्या लक्षात येत नाही. इथे आम्ही टॉपर देतच नाही, धंद्याचं नुकसान झालं तरी चालेल, कारण रोज क्लिपा ओढून आहेत ते केसही तुटतात, आणि औषधाचा उपयोग व्हायचे चान्स याच वेळी जास्त असतात. दुसरीत टाळू सरळ दिसायला लागते, ट्यूबलाइटखाली तर जास्तच. आमचे बहुतेक टॉपर याच स्टेजसाठी. तिसरीत वरचा भाग जवळजवळ मोकळा होतो, तिथे मोठा बेस किंवा पूर्ण विग. काही डॉक्टर सिंक्लेअरची पाच पायऱ्यांची स्केल वापरतात, ती मधल्या भांगाचे फोटो बघून ठरवतात. काहींचा भांग पुढे रुंद आणि मागे निमुळता होत जातो, तोही यातलाच प्रकार.

आता एक महत्त्वाचं. डेंग्यू, बाळंतपण, क्रॅश डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस गेले तर ती यातली कुठलीच स्टेज नाही, ते बहुतेक वेळा आपोआप भरून येतं, घाईत खर्च करू नका. दिवसाला पन्नास-शंभर केस तर सगळ्यांचेच जातात. पण पाळी अनियमित, हनुवटीवर केस किंवा सतत थकवा असेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल (केस वाढायला लावायचं औषध) दिलं तर सुरुवातीला गळती वाढू शकते, तिथेच घाबरून बंद करतात बऱ्याच जणी, खरं तर चार-सहा महिने तरी द्यावे लागतात. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर मनाने लावू नका.

फोटो पाठवताना तेल नको, केस धुवून पूर्ण वाळलेले, मधोमध भांग, खिडकीजवळ उभं राहून वरून काढलेला. फिल्टर लावू नका प्लीज! ट्रायल पडद्याआड होते, मापं लेडीज स्टाफच घेतो, आणि संध्याकाळी दादरच्या गर्दीत यायचं नसेल तर दुपारची वेळ मागून घ्या.