अर्कूपला वेगळा रडर पाहिजे? स्क्रू कसायच्या आधी हे वाचा

दर रविवारी तर्री-पोहे खाऊन कोणी ना कोणी दुकानात येतं आणि तेच विचारतं, "भाऊ, अर्कूपच्या किटमध्ये रडर वेगळा काऊन नाही दिला?" विसरलो नाही हो. रडर म्हणजे शेपटीवरची उभी फळी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी. आमचं किट म्हणजे रिमोटवर उडणारं मॉडेल, आणि ते ज्या खऱ्या अर्कूपवरून केलं ते विमानच तसं होतं. फ्रेड वाइक यांचं डिझाइन, 1937 मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि पायात पेडलच नाही, स्टिअरिंग फिरवलं की एलेरॉन (विमान एका बाजूला झुकवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या), शेपटीचे दोन्ही रडर आणि जमिनीवर पुढचं चाक सगळं सोबत वळायचं. एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी फळी, नाक वर-खाली करणारी) वर मुद्दाम कमी जायचा म्हणून स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या खात कोसळण्यात, शिरत नव्हतं. 1945 मध्ये तर अमेरिकेत मेसीजच्या दुकानात विकायला होतं! आडव्या वाऱ्यात मात्र नाक तिरपं ठेवूनच टेकवावं लागायचं, पेडलची सवय असलेल्यांना ते काही पटायचं नाही, मग नंतर पेडलचं किटही निघालं.

आपल्या मॉडेलमध्ये पेडल म्हणजे रिमोटची डावी काडी. रडरचा सर्वो (फळी हलवणारी छोटी मोटर) वाय-केबलमधून (एकच सिग्नल दोन सर्वोंना देणारी वायर) काढा, विमानातल्या रिसीव्हरच्या चौथ्या चॅनलला लावा, आणि रिमोटमध्ये एलेरॉन-रडर मिक्स (दोन्ही सोबत हलवायचं सेटिंग) चालू असेल तर बंद करा. दहा मिनिटांचं काम.

पण इथंच एक चूक होते आणि मॉडेल आमच्या टेबलावर येतं. लोक काय करतात, करंट न देताच सर्वोचा आर्म (त्याच्यावरचा फिरणारा छोटा दांडा) अंदाजानं बसवतात आणि स्क्रू कसून टाकतात. नंतर बॅटरी लावली की सर्वो आपल्या मधल्या जागी जातो, रडर वाकडे, मग ट्रिम (रिमोटवरून मधली जागा थोडी थोडी सरकवणं) मारत बसायचं. या मॉडेलमध्ये पुढचं चाकही त्याच सर्वोवर आहे, म्हणून चाक सरळ केलं की रडर तिरपे आणि रडर सरळ केले की चाक तिरपं, आणि फोन येतो की तुमचं किटच वाकडं आहे.

आधी प्रोपेलर काढा. रिमोट चालू करा, ट्रिम शून्यावर, मग विमानाची बॅटरी लावा. सर्वो स्वतःहून मध्ये येऊ द्या, तेव्हाच आर्म पुशरॉडला (आर्मपासून रडरकडे जाणारी तार) काटकोनात बसवा. आता शेपटीच्या प्रत्येक फिनला (रडर जिला लागलेला असतो ती न हलणारी उभी फळी) पट्टी टेकवा, रडर तिच्या रेषेत आला की त्या बाजूचा स्क्रू कसा. चाक सगळ्यात शेवटी, त्याच्या वेगळ्या स्क्रूनं. पट्टी म्हणजे साधी शाळेतली, पण डोळ्यानं बघून "झालं सरळ" म्हणू नका, आम्ही पंधरा वर्षांपासून हेच करून राहिलो तरी पट्टी लावतो.

एलिव्हेटरचा थ्रो (तो किती हलतो ते) वाढवू नका. लोकांना वाटतं आम्ही कंजुषी केली, पण वेगळा रडर आणि भरपूर एलिव्हेटर एकत्र आले की हेच गरीब विमान स्पिन खाते. आणि उन्हाळ्यात सकाळी लवकरच उडवा, दुपारच्या गरम झोतात नवीन सेटिंग कळत नाही. सोनेगावच्या विमानतळाजवळ तर नाहीच.

बसवून पाहिजे असेल तर 300 रुपये, नवीन पुशरॉड आणि आर्म त्यातच. आमच्याकडून किट घेतलं असेल तर पहिलं सेटिंग फुकट, मात्र फेविक्विक लावलेला सर्वो परत घेत नाही. येताना रिमोट सोबत आणा, नुसतं विमान पाहून काहीच सांगता येत नाही.