भराव की पूल? ‘रस्ता उंच करा’ म्हणायच्या आधी हे बघा

महापूर ओसरला की कोल्हापुरात दरवेळी एकच मागणी, शिरोलीजवळ हायवे उंच करा. मागणी रास्तच आहे, २०१९ ला आणि परत २०२१ ला पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूर तुटलं, ट्रकच्या रांगाच्या रांगा. पण ‘उंच करा’ ह्या दोन शब्दांत आपण दोन पार वेगळी कामं एकत्र करतोय. एक म्हणजे भराव टाकून रस्ता वर घेणं, दुसरं म्हणजे पिलरवर पूल बांधणं. गाडीतनं जाताना फरक कळत पण नाही, दोन्हीकडं डांबर आणि कठडाच दिसतो.

भराव म्हणजे मुरूम-माती थरावर थर टाकून रोलरनं दाबलेला बांध, कडेला दगडी पिचिंग म्हणजे उतारावर बसवलेले दगड, मधे मधे पाणी जायला मोऱ्या. स्वस्त पडतो, लवकर होतो. पुलाला खर्च कितीतरी जास्त, पाया खोल न्यावा लागतो, पण खालून पाण्याला वाट राहते.

आणि खरा मुद्दा ही वाटच आहे. मोठ्या पुरात पंचगंगा पात्रात बसतच नाही. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात, तिथं ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, त्याच्या पुढं नदी उसातनं, शेतातनं लांबवर पसरून वाहते. ह्या पसरलेल्या पाण्याला भराव आडवा येतो, मग पाण्याला जायला उरतं काय तर नदीवरचा पूल आणि मोऱ्या, त्यातही जलपर्णी, पाचट, ओंडके अडकले की निम्मी मोरी बंद. वरच्या अंगाला पाणी तुंबतं. ह्या तुंबण्यालाच फुगवटा म्हणतात. फुगवटा म्हटलं की आपल्याला लगेच कर्नाटकातलं अलमट्टी धरण आठवतं, पण फुगवटा यायला धरणच लागतं असं नाही, रस्त्याचा भराव पण पुरतो. आज रस्त्यावरनं पाणी जातंय तेव्हा निदान ते पलीकडं तरी उतरतंय, नुसता भराव वाढवला तर ती पण वाट बंद, म्हणजे हायवे कोरडा आणि वरच्या गावात, वस्तीत पाणी आणखी चढणार.

भराव फुटतो कसा हे पण बघण्यासारखं आहे. पाणी येतं त्या बाजूनं नाही, बहुतेक वेळा उतरतं त्या बाजूनं. वरनं सांडलेलं पाणी पलीकडच्या उतारावर जोरात आपटतं, आधी साईडपट्टी जाते, मग खालची माती निसटते, डांबराचा थर तेवढा अधांतरी राहतो आणि थोड्या वेळानं तोही तुकडे होऊन खाली बसतो.

समुद्राकडचं एक उदाहरण देतो कारण तिथं दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर आहेत. अमेरिकेत फ्लोरिडामधे सॅनिबेल नावाचं बेट आहे, किनाऱ्याला लागून असलेलं वाळूचं बेट. तिथं जायला १९६३ साली रस्ता झाला, तीन पूल आणि मधे भर टाकून केलेली दोन छोटी बेटं. पूल जुने झाले म्हणून २००७ पर्यंत नवीन बांधले. २८ सप्टेंबर २०२२ ला इयान चक्रीवादळ आलं, मुख्य पूल उभे राहिले आणि मधला भरावाचा रस्ता, पुलाला जोडणारे अ‍ॅप्रोच ठिकठिकाणी वाहून गेले. पूल धड असून बेट तुटलं! भर टाकून तीन आठवड्यांत तात्पुरता रस्ता चालू केला, पक्क्या कामात मग कडेला लोखंडी शीट पाइल, म्हणजे माती धरून ठेवायला जमिनीत खोल उभे ठोकलेले जाड पत्रे, ठोकावे लागले.

पूल केला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही हो. पुरात पाणी पिलरभोवती गरगरतं आणि पायाजवळची माती खरवडून नेतं, वरनं काहीच दिसत नाही. महाडचा सावित्रीवरचा जुना पूल ऑगस्ट २०१६ मधे पुरात गेला, तेव्हा एसटीच्या गाड्या गेल्या, माणसं गेली. म्हणून पुलाला दर पावसाळ्यानंतर पायाची तपासणी पाहिजेच.

माझं मत स्पष्ट आहे, पूर जिथनं खरंच वाहतो तेवढ्या सगळ्या पट्ट्यात पिलर, आणि दोन्ही टोकांना जमीन चढते तिथंच भराव. हायवेच्या सहापदरीकरणात भराव काढून पिलरचा पूल करा ही मागणी लोकांनी लावून धरली आहे, ती सोडू नका. बैठकीत रस्त्याची उंची किती हे सगळेच विचारतात, पाण्याला उघडी रुंदी किती मीटर ठेवली ते विचारा आणि ती कुठल्या सालचा पूर धरून काढली तेही विचारा. २०१९ आणि २०२१ चं पाणी त्या हिशोबात नसेल तर डिझाइन परत करायला लावा.